विश्लेषण : चाळिशीनंतर कोलाजेन पावडर घ्यावी का? डब्यावरचा दावा, त्वचेचं विज्ञान आणि घरखर्चाचा हिशेब

सिडकोतली भिशी असो, ट्यूशनच्या दारात मुलांची वाट पाहणाऱ्या आयांचा घोळका असो की लग्नाच्या हॉलमधली जेवणाची पंगत; चाळिशी ओलांडलेल्या महिलांच्या गप्पांमध्ये हल्ली एक शब्द हमखास येतो. कोलाजेन. ‘सकाळी पाण्यात एक चमचा टाकायचा आणि प्यायचं. तीन महिन्यांत चेहरा बदलतो,’ असं कुणीतरी सांगतं. दुसरी मोबाइलवर रील काढून दाखवते. तिसरी हळूच विचारते, ‘हे घ्यावं का गं? महिन्याला किती जातात?’

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चांगलं दिसावंसं वाटणं यात गैर काहीच नाही आणि चाळिशीनंतर त्वचेत होणारा बदल हा मनाचा खेळही नाही. तो खरा आहे, मोजता येतो. पण त्यावरचा उपाय म्हणून जो डबा विकला जातोय, त्याची किंमत महिन्याला साधारण हजार ते दोन हजार रुपये आहे. म्हणजे वर्षाला बारा ते चोवीस हजार. मध्यमवर्गीय घरात एवढ्या रकमेत गॅसचे वर्षभराचे सिलिंडर येऊन वर पैसे उरतात. त्यामुळे डबा उघडण्याआधी त्याच्या आत काय आहे, ते शरीरात जाऊन काय करतं आणि त्याच पैशात दुसरं काय करता येतं, हे पाहायला हवं.

कोलाजेन म्हणजे नेमकं काय?

कोलाजेन हे प्रथिन आहे. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तीस टक्के वाटा एकट्या कोलाजेनचा असतो. त्वचा, हाडं, सांध्यांतली कूर्चा, स्नायू हाडाला बांधणारे दोर, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना ताकद देण्याचं काम ते करतं. घराच्या स्लॅबमध्ये जे काम लोखंडी सळ्या करतात, तेच काम त्वचेच्या आतल्या थरात कोलाजेनचे तंतू करतात. स्लॅब वरून गुळगुळीत दिसतो. पण त्याला उभं धरणाऱ्या सळ्या आत असतात.

या तंतूची रचना शोधण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातले शास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलाजेनची रचना मांडली. प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात, असं त्यांनी दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिपेडी वेणी. एक पेड सुटला तर वेणी सैल पडते. कोलाजेनचंही तसंच आहे.

ही वेणी घट्ट बसण्यासाठी शरीराला व्हिटॅमिन ‘सी’ आणि लोह लागतं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळं मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. हा स्कर्व्ही आजार म्हणजे दुसरं काही नव्हतं, तर व्हिटॅमिन ‘सी’अभावी शरीराला नीट कोलाजेन बनवता येत नव्हतं. त्यावर उपाय निघाला तो संत्र्या-लिंबांचा.

चाळिशीनंतर चेहरा इतक्या झपाट्याने का बदलतो?

तरुणपण सरलं की त्वचेतलं कोलाजेन दरवर्षी थोडं थोडं, साधारण एक टक्क्याच्या आसपास कमी होत जातं. ही घट पुरुषांमध्येही होते. महिलांमध्ये मात्र मध्येच एक मोठी पायरी येते. ती म्हणजे पाळी जाणं.

अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्वचेतल्या पेशींना कोलाजेन बनवायला प्रवृत्त करत असतं. पाळी जाण्याच्या काळात ते झपाट्याने कमी होतं. १९८० च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांवरून असं मानलं जातं, की पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलाजेन तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतं. त्यानंतर दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास घट सुरू राहते. त्यामुळे ‘दोन-तीन वर्षांत एकदम म्हातारी दिसायला लागले,’ असं एखादी महिला म्हणते, तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसते.

भारतीय महिलांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे परदेशी जाहिरातीत पन्नाशीची जी गोष्ट सांगितली जाते, ती आपल्याकडे चार-पाच वर्षं आधीच सुरू झालेली असते.

प्यायलेलं कोलाजेन चेहऱ्यापर्यंत पोहोचतं का?

इथेच जाहिरात आणि शरीरशास्त्र यांचे रस्ते वेगळे होतात. कोलाजेन हे प्रथिन असल्यामुळे पोटात गेल्यावर त्याचं तेच होतं, जे वरणातल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनाचं होतं. पचनसंस्था त्याचे तुकडे करते. ते तुकडे रक्तात जातात आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे जिथे हवे तिथे वापरतं. ‘हे चेहऱ्यासाठी आहे’ अशी चिठ्ठी त्यावर लावून पाठवता येत नाही. घरासमोर सळ्यांचा ट्रक उतरवला म्हणून स्लॅब आपोआप दुरुस्त होत नाही. त्यासाठी गवंडी लागतो, पाणी-सिमेंट लागतं आणि सळ्या नेमक्या कुठे हव्यात हे ठरवावं लागतं.

मात्र पूर्ण चित्र मांडायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजारातली पावडर म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेलं कोलाजेन असतं. डब्यावर त्याला ‘हायड्रोलाइज्ड कोलाजेन’ किंवा ‘कोलाजेन पेप्टाइड’ म्हणतात. त्यातले काही अगदी छोटे तुकडे न मोडता रक्तात पोहोचतात, हे दिसून आलं आहे. हे तुकडे त्वचेतल्या पेशींना ‘कोलाजेन तुटतंय, नवं बनवा’ असा इशारा देत असावेत, अशी एक मांडणी आहे. ती अशक्य नाही. पण शक्यता असणं वेगळं आणि चेहऱ्यावर फरक दिसणं वेगळं.

कोलाजेन असलेल्या क्रीमबद्दल तर एवढाही प्रश्न नाही. कोलाजेनचा रेणू त्वचेतून आत जाण्याच्या मानाने फारच मोठा असतो. अशी क्रीम वरचा थर ओलसर ठेवते. ते काम साधं मॉइश्चरायझरही करतं.

मग संशोधन काय सांगतं?

जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेलं असतं आणि ते संपूर्ण खोटं नसतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९ अभ्यास आणि १,१२५ सहभागी यांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात महिलाच बहुसंख्य होत्या. सुमारे तीन महिने कोलाजेन घेतल्यावर त्वचेतला ओलावा आणि लवचिकपणा वाढला, सुरकुत्या कमी झाल्या, असा निष्कर्ष निघाला. २०२३ मधल्या २६ चाचण्यांच्या आढाव्यातही ओलावा आणि लवचिकपणाबाबत सूर अनुकूलच होता.

पण २०२५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचा आणखी एक आढावा आला. त्यात १,४७४ जणांची माहिती होती. या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : या चाचण्यांचा खर्च कुणी केला? सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर कोलाजेनचा फायदा दिसत होता. ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा होता, त्यांतही तो दिसत होता. मात्र कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या यांपैकी कशातच लक्षणीय फरक आढळला नाही. उत्तम दर्जाच्या चाचण्या वेगळ्या काढल्यावरही तेच झालं.

त्याआधी, २०१३ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एका कोलाजेन उत्पादनाचा ‘त्वचा लवचिक होते’ हा दावा तपासला होता. दिलेल्या पुराव्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असं मत त्यांनी दिलं.

‘पण माझ्या जावेला फरक पडला ना!’ हा अनुभवही समजून घ्यायला हवा. आपल्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, हवा कोरडी ठाक. अशा वेळी पावडर सुरू केली आणि तीन महिन्यांनी, म्हणजे ऑगस्टमध्ये आरसा पाहिला, तर त्वचा नक्कीच मऊ वाटेल. त्यात पावडरचा वाटा किती आणि पावसाळी हवेचा किती? शिवाय पावडर सुरू केली की माणूस पाणीही जास्त पितो, उन्हात जाताना चेहराही झाकतो. म्हणूनच चांगल्या चाचणीत अर्ध्या लोकांना खरी पावडर आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी पावडर देतात. आपल्या घरात अशी तुलना होत नाही.

तेव्हा सध्याचं चित्र असं : कोलाजेन पावडर विष नाही, शुद्ध फसवणूकही नाही. पण ज्या खात्रीने ती विकली जाते, तेवढा पुरावा तिच्यामागे नाही.

डब्यात असतं काय? शाकाहारी कोलाजेन मिळतं का?

याचं स्पष्ट उत्तर : नाही. कोलाजेन फक्त प्राण्यांच्या शरीरात बनतं. झाडांत ते नसतं. पावडर बनते ती जनावरांची कातडी व हाडं किंवा माशांची त्वचा व खवले यांपासून. डब्यावर ‘मरीन’ लिहिलं असेल तर मासे. ‘बोवाइन’ लिहिलं असेल तर गाय-बैल-म्हैस वर्गातलं जनावर. ‘पोर्साइन’ म्हणजे डुक्कर.

एकादशी करणाऱ्या, चातुर्मास पाळणाऱ्या किंवा जैन घरातल्या महिलेसाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. हलाल-हराम पाहणाऱ्या मुस्लिम घरातही नाही. तरीही स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या स्वादाची गुलाबी पावडर हातात घेताना ती कशापासून बनली, हा विचार मनात येत नाही. ‘बोवाइन’ या शब्दाचा अर्थ किती जणींना माहीत असेल?

त्यासाठी डब्यावरची खूण पाहा. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हिरवा ठिपका असलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलाजेन’ लिहिलेलं असेल, तर खाली बारीक अक्षरांत ‘बिल्डर’ किंवा ‘बूस्टर’ असा शब्द शोधा. त्यात कोलाजेन नसतंच. आवळ्याचा अर्क, व्हिटॅमिन ‘सी’, बांबूपासूनची सिलिका, बायोटिन असे घटक असतात. त्यातला आवळा गुलमंडीच्या बाजारात कितीतरी स्वस्त मिळतो.

आणखी एक गोष्ट वाचा. अशा उत्पादनांवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. भारतात ही उत्पादनं औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात. औषधाला बाजारात येण्याआधी आपला परिणाम सिद्ध करावा लागतो, तशी कसोटी यांना लागत नाही. मेडिकलच्या दुकानात, गोळ्यांच्या शेजारी ठेवलेला डबा औषधासारखा वाटतो, एवढंच.

कुणी सावध राहावं?

निरोगी व्यक्तीला थोड्या प्रमाणातल्या कोलाजेनने सहसा मोठा त्रास होत नाही. पोट जड होणं, तोंडाला माशासारखी चव राहणं अशा तक्रारी असतात. पण काही जणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

माशांची ॲलर्जी असलेल्यांनी मरीन कोलाजेनपासून लांब राहावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जादा प्रथिन घेण्याचा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नये. मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनीही सावध असावं. कारण कोलाजेनमधल्या हायड्रॉक्सीप्रोलिन या घटकापासून शरीरात काही प्रमाणात ऑक्झॅलेट तयार होतं आणि बहुतेक मुतखडे ऑक्झॅलेटचेच असतात.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा बायोटिनचा आहे. केस-त्वचा-नखांसाठीच्या अनेक मिश्रणांत बायोटिन भरपूर घातलेलं असतं. त्यामुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. त्यात थायरॉइडची तपासणी आहे आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठीची ट्रोपोनिन ही तपासणीही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबाबत इशारा दिला होता. चाळिशीतल्या कितीतरी महिला दर काही महिन्यांनी थायरॉइड तपासतात. रक्त देताना ‘मी अशी पावडर घेते’ हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि एक इशारा क्रीमबद्दल. ‘आठ दिवसांत गोरेपणा’ देणाऱ्या, ब्युटी पार्लरमधून किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या क्रीम कोलाजेन पावडरपेक्षा कितीतरी धोकादायक आहेत. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं प्रकरण समोर आलं. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण खूप जास्त आढळलं. स्टेरॉइड असलेल्या क्रीमचं दुखणं वेगळंच आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते. कारण स्टेरॉइड त्वचेत नवं कोलाजेन बनणंच रोखतं. एकीकडे कोलाजेन पिणं आणि दुसरीकडे अशी क्रीम लावणं म्हणजे टाकीत पाणी सोडून खालची तोटी उघडी ठेवणं. २०१८ मध्ये केंद्राने अशा १४ स्टेरॉइड क्रीमवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, ती उगाच नाही.

मग त्वचेचा खरा शत्रू कोण?

एक सोपी तपासणी घरबसल्या करा. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा आणि तळहाताच्या मागच्या बाजूची पाहा. दोन्ही त्वचा तुमच्याच, दोन्हींचं वय एकच. मग एक नितळ आणि दुसरी सुरकुतलेली, डागाळलेली का? फरक उन्हाचा आहे.

उन्हातली अतिनील किरणं त्वचेत शिरली की कोलाजेन तोडणारी विकरं जास्त बनतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. खिडकीकडचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा त्यामानाने तरुण. काचेतून येणारं ऊनही त्वचेला सोडत नाही, हे त्या एका छायाचित्राने दाखवलं.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. ज्यांना रोज नेमाने सनस्क्रीन लावायला सांगितलं, त्यांच्या त्वचेचं वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा येतात. पण वांग, काळे डाग, असमान रंग आधी येतो. म्हणूनच परदेशी जाहिरातीतली ‘सुरकुत्या’ ही अडचण आपल्याकडच्या बऱ्याच महिलांची पहिली तक्रार नसतेच. त्यांची तक्रार वांगाची असते आणि कोलाजेन पावडर हा वांगावरचा उपाय नाही.

जालना रोडवरून दुपारी स्कूटीवर जाताना आपल्या शहरातल्या मुली-महिला डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळतात. बाहेरून आलेल्यांना त्याचं नवल वाटतं. त्वचेच्या दृष्टीने ही सवय अगदी योग्य आहे. त्याला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेल्या सनस्क्रीनची जोड द्या. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा येतील एवढं घ्या. हातांच्या मागच्या बाजूला विसरू नका. ‘मग व्हिटॅमिन डी?’ असं कुणी विचारेल. त्यासाठी थोडा वेळ हातापायांवर ऊन पुरेसं असतं, चेहरा भाजून घ्यायची गरज नाही. कमतरता असेल तर डॉक्टर गोळी देतात.

तंबाखू आणि मिश्री हेही कोलाजेनचे शत्रू आहेत. घरातल्या मोठ्या बायकांची मिश्री सुटत नाही, याकडे आपण सवय म्हणून पाहतो. हिरड्या आणि त्वचा दोन्ही त्याची किंमत मोजतात.

ताटात काय असावं?

कोलाजेन बनवायला शरीराला प्रथिन, व्हिटॅमिन ‘सी’ आणि लोह हवं. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या महिलेला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन लागतं. आता आपलं ताट आठवा. सकाळी चहा-पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट आणि रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली भाजी. यात ४६ ग्रॅमचा हिशेब लागणं अवघड आहे.

प्रथिन म्हणूनही कोलाजेन अपुरं आहे. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच. दूध, अंडी किंवा डाळ-भाकरी यांची जोडी त्यापेक्षा सरस ठरते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाण्यांत १० ग्रॅम प्रथिन मिळतं. पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, घट्ट वरण ही मराठवाड्याच्या घरातलीच प्रथिनं आहेत. फक्त ती घरातल्या बाईच्या ताटातही पुरेशी पडायला हवीत.

व्हिटॅमिन ‘सी’साठी एक पेरू किंवा आवळा दिवसाची गरज सहज भागवतो. जेवताना लिंबू पिळलं तर डाळी-पालेभाज्यांतलं लोहही चांगलं शोषलं जातं.

लोहाचा मुद्दा तर विशेष गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. निस्तेज चेहरा, गळणारे केस, सतत थकवा ही लक्षणं अनेकदा कमी हिमोग्लोबिनची किंवा थायरॉइडची असतात. त्यावर कोलाजेन घेत बसलं तर पैसे जातातच, शिवाय खरा आजार तसाच राहतो.

त्याच पैशात काय बसतं?

महिन्याला दीड हजार रुपये धरू. त्यात पाचशे रुपयांच्या आसपासचं सनस्क्रीन महिना-दीड महिना जातं. रोज एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे धरले तर महिन्याला दोन-अडीचशे रुपये. पेरू, आवळा, लिंबू यांचे दोनशे. साधं मॉइश्चरायझर दोनशेचं. हे सगळं घेऊनही साडेतीनशे-चारशे रुपये उरतात. ते साठवले तर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांच्या तपासणीला मोठा हातभार लागतो. सुरकुत्या किंवा वांग खरंच त्रास देत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ आहेत. रेटिनॉइड क्रीमसारखे बऱ्याच वर्षांच्या पुराव्याचे उपाय त्यांच्याकडे आहेत. ते स्वतःच्या मनाने वापरायचे नसतात, गरोदरपणात तर नाहीच. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर घाटी रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी आहे.

आरशात न दिसणारं कोलाजेन

आतापर्यंत चेहऱ्याबद्दल बोललो. पण कोलाजेन फक्त चेहऱ्यात नसतं. हाडांमधला कॅल्शियम सोडून जो भाग उरतो, त्यात बहुतांश कोलाजेनच असतं. पाळी गेल्यावर त्वचा पातळ होते, त्याच काळात हाडंही विरळ होत असतात. त्वचेतला बदल आरशात दिसतो, म्हणून त्याची बाजारपेठ आहे. हाडांतला बदल दिसत नाही. तो साठीनंतर न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडतो, तेव्हा कळतो.

या बाबतीत आपल्या विभागाला एक जुनी जखम आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे सर्वेक्षण आलं, त्यात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या अनेक जणी तिशी-चाळिशीतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती सरासरीपेक्षा लवकर येऊ शकते. चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन, डोक्यावर मोळी आणि आत हाडं झिजत चाललेली.

कोलाजेनची सर्वांत मोठी हानी ज्या महिलांची होते, त्यांच्या मोबाइलवर ही जाहिरात येतही नसेल. आली तरी परवडणार नाही. आणि ज्यांना परवडते, त्यांना ती त्वचेचं बोलून पाळीचा मूळ विषय टाळते. पाळी जाण्याच्या काळात काय होतं, काय तपासायचं, कुणाला भेटायचं, हे आपल्या घरांत अजून मोकळेपणाने बोललं जात नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते; हे सगळं ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. या शांततेतच डब्याची विक्री होते.

काय व्हायला हवं?

पहिलं, लेबल मराठीत हवं. सध्याच्या नियमानुसार इंग्रजी किंवा हिंदी पुरेसं असतं. महाराष्ट्रात विकणाऱ्या कंपन्यांनी निदान ‘कशापासून बनलं’ एवढं तरी ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे? ‘बोवाइन’ऐवजी ‘गुरांच्या कातड्यापासून’ लिहिलं तर विक्री कमी होईल, ही भीती असेल, तर ते लिहिणं किती गरजेचं आहे हेच त्यातून सिद्ध होतं.

दुसरं, दाव्यांची तपासणी. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली शैक्षणिक पात्रता जाहीर करावी, असं जाहिरात मानक परिषदेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. रील पाहताना तीच अपेक्षा आपणही ठेवावी. दिशाभूल झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

तिसरं आणि महत्त्वाचं, सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची जशी नोंद होते, तशी चाळिशी ओलांडलेल्या महिलांची विचारपूस व्हायला हवी. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि पाळीबद्दल चार प्रश्न. ज्यांची पाळी ४५ च्या आधी गेली किंवा अंडाशयं काढली गेली, त्यांच्या हाडांकडे आणि संप्रेरकांकडे स्त्रीरोगतज्ज्ञाने वेळीच लक्ष द्यावं. संप्रेरकांचे उपचार कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे तिथेच ठरवता येतं. रीलमध्ये नाही.

हे सगळं वाचूनही कुणाला तीन महिने पावडर घेऊन पाहायची असेल, तर तो तिचा पैसा आणि तिचा निर्णय. फक्त तपकिरी त्रिकोण पाहून घ्या, १४ आकडी परवाना क्रमांक पाहा, बायोटिन आहे का ते पाहा आणि त्यासोबत सनस्क्रीन सुरू करा. तीन महिन्यांनी फरक दिसला तर पावडर बंद करून सनस्क्रीन तेवढं चालू ठेवा. फरक टिकला, तर तो कशामुळे होता याचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

आणि पुढच्या भिशीत कोलाजेनचा विषय निघाला, तर एक प्रश्न जरूर विचारा : ‘शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलं होतंस?’